न्यायासन आणि फळा

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी शिरोलीकडच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले. आम्ही सारे शिरोली औद्योगिक वसाहतीत किंवा तिच्या आसपासच्या गावांत राहतो. आमच्यापैकी बहुतेकांचे वडील येथल्या फौंड्र्यांमध्ये साचे भरण्याचे, भट्टीवरचे किंवा कास्टिंग घासण्याचे काम करीत. आमच्यातील काही जण आजही तेच काम करतात. एक जण शिक्षक आहे, एक जण वकील आहे. वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात हे स्वाभाविक होते. पण त्या इतर मित्र आमच्याहून चांगल्या लिहितील याची आम्हांला खात्री आहे. म्हणून गेले काही महिने रविवारच्या बैठकीत ज्या एका माणसाविषयी आम्ही वाचत आणि बोलत आलो, त्याच्याविषयीच लिहावे असे ठरले. हा माणूस म्हणजे भारताचे माजी सरन्यायाधीश आणि नागपूर विद्यापीठाच्या विधी शाखेचे एके काळचे अधिष्ठाता न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला.

कोल्हापूरच्या फौंड्री कामगारांनी नागपूरच्या न्यायमूर्तींविषयी का वाचावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर आमच्याच एका ज्येष्ठ मित्राच्या हकीकतीत आहे. अनेक वर्षांपूर्वी एका कारखान्याने त्यांना कामावरून कमी केले. चौकशीची नोटीस इंग्रजीत होती. रात्रपाळी संपवून घरी आलेल्या माणसाने ती घडी करून कपाटात ठेवली, कारण तिच्यात काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. चौकशीच्या तारखेला ते गेले नाहीत आणि त्यांच्या गैरहजेरीतच निर्णय झाला. पुढे कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला; परंतु मालकाने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि मुंबईच्या तारखा सुरू झाल्या. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसचा साधा डबा, सकाळी न्यायालयाचे आवार, संध्याकाळी ‘आज बोर्डावर पाळी आली नाही’ असे ऐकून परतीची गाडी, आणि दोन दिवसांच्या रोजगाराचे नुकसान. शेवटी त्यांनी मिळेल त्या रकमेवर तडजोड केली. कायद्याने त्यांना न्याय नाकारला असे म्हणता येत नाही. तो पावणेचारशे किलोमीटरवर ठेवलेला होता, आणि त्यांना न कळणाऱ्या भाषेत ठेवलेला होता.

यातले पहिले अंतर अलीकडे कमी झाले आहे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि दुसऱ्या दिवशी कामकाजाला आरंभ झाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या लोकांना आता उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत नाही. या मागणीसाठी येथल्या वकिलांनी आणि नागरिकांनी कित्येक दशके आंदोलने केली. ज्या तरतुदीखाली हे बेंच आले, ती राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मधील आहे. आमच्या वकील मित्राने हे कलम बैठकीत समजावून सांगितले, तेव्हा असे कळले की याच कलमाचा आधार घेऊन १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश नागपुरात बसू लागले आणि १९८१ मध्ये औरंगाबादेत बसू लागले. नागपुरात तोवर स्वतंत्र उच्च न्यायालय होते. त्या न्यायालयाचे शेवटचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला. अशा रीतीने कलमाचा माग काढता काढता आम्ही या माणसापर्यंत येऊन पोचलो.

हिदायतुल्ला यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. रायपूरला शालेय शिक्षण, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात पदवी आणि त्यानंतर केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज, असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. १९३० मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते नागपुरास परतले व वकिली करू लागले. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले. पुढे ते सरकारी वकील झाले, १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले आणि १९४६ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९४८ मध्ये पुष्पा शाह यांच्याशी त्यांनी विवाह केला. आंतरधर्मीय विवाह आजही सोपा नाही. फाळणीच्या दुसऱ्याच वर्षी तो किती अवघड असेल याची कल्पना करावी.

ही चढती कमान कोणत्याही चरित्रकोशात सापडते. आम्हांला अधिक मोलाची वाटली ती तिच्याबरोबर चाललेली दुसरी वाट. १९३५ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे वकिलीचा जम बसविण्याच्या ऐन काळात, हिदायतुल्ला नागपूरच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉमध्ये शिकवीत होते. १९५० नंतरच्या काही वर्षांत, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असतानाच, त्यांनी नागपूर विद्यापीठाच्या विधी शाखेचे अधिष्ठातापद सांभाळले. दिवसा न्यायासनावर बसून निकाल द्यायचे, आणि उद्याच्या वकिलांनी काय शिकावे, कोणत्या विषयांची परीक्षा द्यावी याचाही विचार करायचा. ही दोन कामे एकाच माणसाने करावीत हे नागपूरला नवे नव्हते.

कारण त्या महाविद्यालयाची परंपराच तशी होती. १९२४ ते १९३० या काळात त्याचे प्राचार्य होते व्हिव्हियन बोस. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे ते नातू. तेही पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मुख्य न्यायाधीश आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांचा १९५१ चा एक निकाल आमच्या वकील मित्राने बैठकीत वाचून त्याचा मराठीत आशय सांगितला. जयपूर संस्थानात अफूसंबंधी एक कायदा मंत्रिमंडळाच्या ठरावाने करण्यात आला होता, पण तो कधी प्रसिद्धच झाला नव्हता. त्या कायद्याखाली हरला नावाच्या माणसाला शिक्षा झाली. बोस यांनी ती रद्द केली. जो कायदा लोकांना कळविलाच नाही, त्याच्या आधारे लोकांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असा त्या निकालाचा गाभा. १९५५ च्या संग्रामसिंग प्रकरणात त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. न्यायालयाची कार्यपद्धती पक्षकाराला अडकविण्यासाठी नसून न्यायासाठी आहे, आणि माणसाच्या आयुष्याशी व मालमत्तेशी संबंध असलेला निर्णय त्याच्या पाठीमागे होऊ नये.

हे ऐकताना आमचे ज्येष्ठ मित्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “हे तेव्हाच कोणी आपल्याला का सांगितलं नाही?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते. त्यांच्या कपाटातील नोटिशीला जे उत्तर द्यायला हवे होते, त्याचे तत्त्व देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते जन्मण्यापूर्वीच सांगून ठेवले होते.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. कायद्याचे शिक्षक म्हणून त्यांच्याविषयी मात्र कमी बोलतो. १९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि जून १९३५ मध्ये त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. हिदायतुल्ला नागपुरात फळ्यासमोर उभे राहिले तेही याच वर्षी. १९३५ हेच येवल्याच्या घोषणेचेही वर्ष. म्हणजे एकीकडे लाखो लोकांच्या माणूसपणाचा प्रश्न ऐरणीवर आणणारा नेता दुसरीकडे तरुणांना कायद्याचे धडे देत होता. ही दोन कामे त्यांना वेगळी वाटली नसावीत, असे आम्हांला वाटते. नागपूर विद्यापीठाचे ते विधी महाविद्यालय आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्याच नावाने ओळखले जाते.

१९५४ च्या डिसेंबरात हिदायतुल्ला नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. ते त्या पदावर असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच शहरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना दिली. त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश भवानीशंकर नियोगी हेही होते. आमच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ही तारीख एखाद्या जन्मतारखेसारखी असते. ज्यांना गावच्या चावडीवर दाराबाहेर उभे राहावे लागत असे, ती माणसे आणि उच्च न्यायालयाच्या आसनावर बसलेला गृहस्थ यांनी एकाच मैदानावर एकच प्रतिज्ञा उच्चारली. त्यानंतर अठरा दिवसांनी राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय संपले. विदर्भ मुंबई राज्यात आला. हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले आणि १ डिसेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले.

सर्वोच्च न्यायालयातील त्यांच्या कामापैकी आम्ही ज्याचा सर्वांत जास्त अभ्यास केला, तो १९६७ चा गोलकनाथ खटला. संसद घटनादुरुस्ती करून नागरिकांचे मूलभूत हक्क काढून घेऊ शकते काय, हा त्यातला प्रश्न. अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले आणि सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने ‘नाही’ असे उत्तर मिळाले. हिदायतुल्ला त्या सहांपैकी एक. त्यांनी आपली कारणे स्वतंत्र निकालपत्रात मांडली. दोनच वर्षांपूर्वी सज्जनसिंग खटल्यात त्यांनी याविषयी शंका बोलून दाखविली होती. पुढे १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी गोलकनाथचा निर्णय बदलला. मात्र घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, असे त्याच वेळी त्यांनी ठरविले. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी आजच्या कलम ३२ ला, म्हणजे हक्क डावलले गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या अधिकाराला, घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. हक्क कागदावर असून भागत नाही, तो मागण्याची जागा लागते, हे त्यामागचे म्हणणे. गोलकनाथमधील सहा न्यायाधीशांना चिंता होती ती हीच, की उद्या मागण्यासारखा हक्कच उरला नाही तर?

परंतु आम्ही हिदायतुल्लांची आरती ओवाळायला बसलो नव्हतो. कामगारांच्या बैठकीत त्यांच्या दोन निकालांवर चांगलाच वाद झाला. दोन्ही १९७० चे, ते सरन्यायाधीश असतानाचे. पहिला केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचा. न्यायव्यवस्था वर्गहिताने प्रभावित असते, न्यायाधीश श्रीमंतांकडे झुकतात, अशा आशयाचे विधान त्यांनी केले होते. केरळ उच्च न्यायालयाने त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक हजार रुपये दंड केला. हिदायतुल्लांनी मार्क्स व एंगल्स यांच्या विचारांची चर्चा करून नंबुद्रिपादांना दोषी कायम ठेवले, पण दंड पन्नास रुपयांवर आणला. आमच्यातले युनियनचे लोक म्हणाले, गरीब माणसाला न्यायालयाविषयी जे वाटते तेच त्या मुख्यमंत्र्याने बोलून दाखविले, त्यात गुन्हा कसला? वकील मित्राचे म्हणणे असे की न्यायालयावरचा विश्वासच ढासळला तर गरिबाला उरलेले शेवटचे दारही बंद होते. वाद मिटला नाही, आणि तो मिटविण्याची घाई आम्ही केली नाही.

दुसरा निकाल सफदरजंग रुग्णालयाचा. रुग्णालय हा ‘उद्योग’ नव्हे, असे त्यात ठरले. त्यामुळे तेथील कर्मचाऱ्यांना औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण मिळेना. आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरविला. आमच्यापैकी एकाची बहीण रुग्णालयात आया म्हणून काम करते. तिच्या दृष्टीने या दोन निकालांमधले अंतर फार मोठे आहे. मोठा न्यायाधीशही एखाद्या ठिकाणी चुकतो, आणि ती चूक पुढचे न्यायाधीश कारणे देऊन दुरुस्त करतात. शिक्षकाने फळ्यावर केलेले गणित विद्यार्थ्याने पुसून पुन्हा मांडावे, तसेच हे आहे. त्यासाठी गणित मात्र फळ्यावर, सर्वांना दिसेल असे मांडलेले हवे.

१९६९ च्या उन्हाळ्यात एक विलक्षण प्रसंग आला. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे रोजी निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपतिपदाचा कार्यभार पाहत होते. परंतु निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी २० जुलै रोजी राजीनामा दिला. त्याच वर्षी झालेल्या कायद्यानुसार हा भार सरन्यायाधीशांकडे आला आणि हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत देशाचे हंगामी राष्ट्रपती झाले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीस आले तेव्हा त्यांचे स्वागत त्यांनीच केले. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमतीची सही त्यांनीच केली. पुढे त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले. त्या पीठावर सरन्यायाधीश हिदायतुल्ला नव्हते. ज्या कागदावर आपली सही आहे, त्याचा निवाडा आपण करू नये, हे तत्त्व कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवितात. शिकविलेले धडे स्वतःला लागू करणे मात्र सर्वांनाच जमते असे नाही.

१६ डिसेंबर १९७० रोजी ते निवृत्त झाले. १९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती म्हणून निवडून आले आणि पाच वर्षे राज्यसभेचे सभापती राहिले. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि हंगामी राष्ट्रपती ही तिन्ही पदे भूषविणारे ते एकमेव भारतीय. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये रायपूरला जे राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव देण्यात आले. एवढी पदे मिळालेल्या माणसाचे नाव एखाद्या महामार्गाला किंवा इमारतीला देता आले असते. ते कायदा शिकविणाऱ्या संस्थेला मिळाले, हे आम्हांला योग्य वाटते.

आता आमच्याकडे वळू. आपली शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील माणगावला २१ व २२ मार्च १९२० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि राजर्षी शाहू महाराज तेथे स्वतः उपस्थित राहिले. त्याच महाराजांनी अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्या काळी हा केवळ रोजगाराचा प्रश्न नव्हता. आपल्या माणसाच्या हाती कायद्याचे पुस्तक यावे आणि कचेरीत त्याने आपल्या वतीने बोलावे, ही त्यामागची दृष्टी होती. कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली तीही त्यांनीच. आपली शाळा त्याच वाटेवरची आहे. येथे राहून शिकलेल्या मुलांनी बाहेर जाऊन कोणासाठी बोलावे, हा प्रश्न म्हणून आपल्याला नवा नाही.

सर्किट बेंच आल्याने रस्त्याचे अंतर मिटले. दुसरे अंतर अजून तसेच आहे. आजही वसाहतीतल्या एखाद्या कंत्राटी कामगाराला नोटीस मिळते आणि ती घडी करून कपाटात जाते. म्हणून आम्ही महिन्यातून एक रविवार ठरविला आहे. ज्याच्याकडे नोटीस, पगारपत्रक, विम्याचे कागद किंवा भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज असेल, त्याने तो घेऊन यावा. वकील मित्र वाचतात, आम्ही मराठीत लिहून देतो, आणि उत्तर देण्याची मुदत कधी संपते ती तारीख मोठ्या अक्षरांत कागदावर घालतो. यात मोठेपणा काही नाही. पहिल्या तीन रविवारी कोणी आले नाही. चौथ्या रविवारी एक बाई नवऱ्याच्या अपघाताचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आल्या. त्यांची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. अर्ज वेळेत गेला.

शाळेला आमची एक विनंती आहे. ग्रंथालयात भारताच्या संविधानाची मराठी प्रत आहेच. तिच्या शेजारी कामगार कायद्यांची सोपी मराठी पुस्तके ठेवावीत, आणि नववी-दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास सरकारी कागद वाचायला शिकवावे. सुटीत घरी गेलेल्या मुलाने वडिलांची नोटीस वाचून तिचा अर्थ सांगितला, तर शाळेवर झालेला सारा खर्च त्या एका संध्याकाळी वसूल होईल. या मुलांपैकी कोणी पुढे कोल्हापूरच्या बेंचसमोर उभे राहील, कोणी त्या आसनावर बसेल, कोणी विधी महाविद्यालयाचा प्राचार्य होईल. तसे झाले तर त्याने हिदायतुल्लांप्रमाणे दोन्ही जागा सांभाळाव्यात. आणि ज्यांना यांतले काहीच होता येणार नाही, जे आमच्यासारखे भट्टीवरच राहतील, त्यांनाही समोर आलेला कागद वाचता यावा, एवढे तरी व्हावेच.

— शिरोली औद्योगिक वसाहतीतील माजी विद्यार्थी